शांत डोंगरावरून

बुसान, दक्षिण कोरिया, 10 ऑक्टोबर 2025

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. आई, फोनवर ‘ज्वालामुखी’ एवढंच ऐकून तू रिसीव्हर बाबांकडे दिलास, म्हणून सविस्तर लिहितोय. मी चढलो तो जेजू बेटावरचा डोंगर, हल्लासान, कधीचाच शांत आहे. बेटावर शेवटचा उद्रेक झाल्याची नोंद 1007 सालची आहे, शिवाजी महाराजांच्याही सहाशे वर्षं आधीची. वर ना धूर, ना वाफ. माथ्यावर खोलगट द्रोण आणि त्याच्या तळाशी जेमतेम पाणी, बस्स. एकटाही नव्हतो, वाटेवर जत्रेएवढी माणसं होती. आधी नाव नोंदवावं लागतं, आणि मधल्या निवाऱ्यापाशी साडेबाराच्या आत पोचलं नाही तर पुढे सोडतच नाहीत. अजून किती काळजी घ्यायची?

उंची 1947 मीटर, म्हणजे कळसूबाईच्या वर तीनशे मीटर. जायला साडेनऊ किलोमीटर, यायला तेवढेच. बाबा, दगड आपल्या जोत्यासारखाच काळा, फक्त जाळीदार. तुम्ही नखानं टोकरून बघितला असता.

इथली एक तऱ्हा मात्र सांगतोच. ही माणसं घरून थर्मासमध्ये उकळतं पाणी घेऊन डोंगर चढतात आणि वर बसून कपातल्या शेवया खातात. उरलेलं खारट पाणी तिथे ओतायचं नाही, माती खराब होते. म्हणून पार्कवाल्यांनीच सांगून ठेवलंय, मसाला अर्धा टाका, पाणीही अर्धंच. माझ्या शेजारच्या आजींनी मसाल्याची पुडी अर्धी रिकामी केली, उरलेलीला रबर लावलं आणि कप तळापर्यंत पिऊन टाकला. मला म्हणजे, डोंगर चढून आल्यावर अर्धा मसाला का, हेच आधी कळेना! शेवयांत बीफ असतं, मी घेतल्या नाहीत. (खरंच नाही घेतल्या.) मी दशम्या केल्या होत्या, जाडच झाल्या. आजींना एक दिली, त्यांनी तिच्यावर किमची, म्हणजे इथलं कोबीचं तिखट लोणचं, ठेवून खाल्ली आणि मला संत्रं दिलं.

गेलो कारण चुसोक, म्हणजे इथला सुगीचा सण, होता. सगळे आपापल्या गावी जातात, लॅबमध्ये कुणी नव्हतं. यंदा तो नेमका कोजागिरीलाच आला. दूध आटवलं होतं, तुझ्यासारखं नाही झालं.

बाबा, या महिन्यात चाळीसच हजार पाठवलेत. विमानाच्या तिकिटामुळे नाही, ते स्वस्तात मिळालं होतं. उरलेले पुढच्या महिन्यात नक्की. ताईच्या लग्नाचा हॉल त्यासाठी थांबवू नका, काकांकडून घ्या, मी फेडतो. दिवाळीला येणं जमत नाही. लग्नाला चार दिवस तरी मिळतील असं सर म्हणालेत, लेखी अजून दिलेलं नाही. मामांनी पाठवलेला फोटो पाहिला. मुलगी चांगली वाटते, पण आत्ता हो-नाही काही कळवू नका.

ताईला सांगा, तिच्यासाठी त्या काळ्या दगडाचं छोटं बाहुलं घेतलंय. दुकानातून, डोंगरावरून उचललेलं नाही.

तुमचा,
बंड्या