नाल्याकाठच्या सगळ्यांकडून सर्व्हेयर काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

"माझं नाव कुठं घालू नका," असं तुम्ही बजावलंय, म्हणून घालत नाही. पण तुमचे आभार घरात बसून मानायचे नाहीत, चारचौघांत मानायचे, असं आमच्या बैठकीत सगळ्यांचं ठरलं. म्हणून हे पत्र उघड लिहितोय.

बेळगावच्या बळ्ळारी नाल्याच्या काठाने चालायची वाट व्हावी, कडेला झाडं असावीत, ही चर्चा वडगाव, खासबाग, शहापूर भागातल्या आमच्या गल्ल्यांतून बरीच वर्षं चालू आहे. यंत्रमागावर कामाला जाणाऱ्या बायका, शाळेची पोरं, सकाळी पाय मोकळे करणारी म्हातारी माणसं, सगळे आज वाहनं चुकवत रस्त्याच्या कडेने जातात. नाल्याकाठी शेतकऱ्यांची पायवाट आहेच, तिला नीट रूप द्यायचं. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात बैठक बसली की दोन तट पडायचे. एका बाजूला पेव्हर, दिवे आणि दोन्हीकडे काँक्रीटची भिंत हवी होती. दुसऱ्या बाजूला वाटेचं नावच नको होतं, कारण वाट आली की रुंदीकरण आलं आणि रुंदीकरण आलं की जमीन गेली. हलगा-मच्छे बायपासच्या वेळी पिकाऊ जमिनीवरून काय झालं ते ज्यांनी पाहिलंय, त्यांना "घाबरू नका" म्हणायला तोंड कुठलं?

तुम्ही आलात ते कुठल्याही बाजूने बोलला नाहीत. टेबलावर गाव नकाशा, जुनी टिपणं (शेताच्या मोजणीचे कागद) आणि आकारबंदाच्या (क्षेत्र आणि आकारणीच्या नोंदीच्या) नकला पसरल्यात आणि आम्हांला वाचायला शिकवलंत. मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे १६ भाग, त्यांना आणे म्हणायचं. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे गुंठा, असे ४० गुंठे म्हणजे एकर. १९५६ पर्यंत आपण मुंबई राज्यात होतो, त्यामुळे ही जुनी मोजणी त्या पद्धतीची, हेही तुमच्याकडूनच कळलं. मग तुम्ही पेन्सिलीचं टोक एका बांधावर टेकवलंत. टिपणात तिथे नाल्याची रुंदी दीड साखळी होती, म्हणजे जवळजवळ ५० फूट. दुसऱ्या दिवशी त्याच जागी टेप धरला तर निम्मीही भरली नाही. कुणीतरी लगेच विचारलं, भराव कुणी घातला? तुम्ही म्हणालात, "ते शोधायला आपण जमलेलो नाही. पाणी कुठं गेलं ते शोधूया."

त्यानंतर तुम्ही एकेका शेतकऱ्याच्या ओट्यावर बसून आरटीसी उतारा, म्हणजे इकडचा सातबारा, वाचून दाखवलात. उतारा कन्नडमध्ये, आणि आमच्यातल्या कित्येक जाणत्यांना मराठीच वाचता येतं. क्षेत्राच्या रकान्यातला 'अ खराब' म्हणजे पिकाला न चालणारी जमीन, 'ब खराब' म्हणजे रस्ता, ओढा, नाला अशा सार्वजनिक कामासाठी राखलेली. कर्नाटक जमीन महसूल नियम, १९६६ मधला हा भेद आमच्या गल्लीत आता पोरंसुद्धा सांगतात. वाट शक्यतो 'ब खराब'मधून न्यायची, जिथे ती जागाच नाही तिथे मालकाच्या संमतीशिवाय आराखड्यात रेघ ओढायची नाही, हे तुम्ही पहिल्याच दिवशी वहीत लिहून घेतलंत आणि खाली सगळ्यांच्या सह्या घेतल्यात. ज्यांना वाटच नको होती, त्यातले बरेच जण त्या सह्यांनंतर बैठकीला यायला लागले. आणि इंजिनिअर साहेब आले तेव्हा हेच सगळं तुम्ही त्यांना कन्नडमध्ये सांगितलंत. शेतकऱ्यांचं म्हणणं एवढं नीट त्यांच्यापर्यंत आधी कुणी पोचवलं नव्हतं.

पण मला सर्वांत जास्त आभार मानायचे आहेत ते पावसातल्या फेरीचे. नाला पाहायला सगळे एप्रिल-मेमध्ये जातात, तेव्हा तो जलपर्णीखाली झाकलेला असतो आणि काठ कोरडे ठणठणीत. तुम्ही मात्र मंगाईची यात्रा झाल्यावर, भाताच्या शिवारात पाणी चढलेलं असताना आम्हांला बाहेर काढलंत. पूर ओसरल्यावर पुन्हा नेलंत आणि काटेरी कुंपणाच्या तारांवर अडकलेला काडीकचरा दाखवलात. पेंढा, पिशव्या, चपलेचा पट्टा, सगळं एका उंचीला लटकलेलं. तीच पाण्याची पातळी. तिथे तुम्ही लाल सुतळी बांधायला लावलीत. खांबाला, बाभळीला, बोअरच्या पाइपला, असं करत आम्ही सुतळी बांधत खाली खाली गेलो. एके ठिकाणी भांगलण करणाऱ्या मावशी थांबल्या आणि म्हणाल्या, "हितनं वाट न्हेऊ नका. २०१९ ला हितं माझ्या गळ्यापतोर पाणी हुतं." तुम्ही त्यांनाच सुतळी कुठे बांधायची ते विचारलंत. आमच्या आराखड्यातली सगळ्यांत उंच खूण त्या मावशींची आहे.

ती सुतळी नकाशावर उतरवली आणि वाद बराचसा मिटला. सखल पट्ट्यात वाट काठ सोडून आत गल्लीत शिरते आणि पुढे उंचवट्यावर पुन्हा नाल्याला येऊन मिळते. काँक्रीटची भिंत गेली. भिंतीने पाणी जोरात पळतं आणि वरच्या गल्लीतला पूर खालच्या शेतकऱ्याच्या अंगावर जातो, हे तुम्ही उताराचे आकडे मांडून पटवून दिलंत. भिंतीच्या जागी उतरता मातीचा काठ, त्यावर करंज, उंबर, वाळुंज, निर्गुंडी. पेव्हरच्या जागी दाबलेला मुरूम, म्हणजे पाणी मुरेल आणि बैलगाडीही जाईल. बांधावरची वैरण कापायला यायची जागा तशीच मोकळी. खरं सांगतो, बेळगावात बासमती पिकवणाऱ्या आणि भातानंतर मसूर, वाटाणा घेणाऱ्या या काळ्या जमिनीला जपूनच शहराने फिरायची हौस करावी, असं मला आता ठामपणे वाटतं. वाट सुंदर झाली आणि शिवार बुडालं तर त्या वाटेवरून चालायचं कुणी?

सांडपाण्याचं कलमही तुमच्या आग्रहामुळे आराखड्यात सर्वांत वर आलं. गटारं नाल्यात सुटतात तोवर झाडं लावून वास झाकता येणार नाही, आणि जलपर्णी याच पाण्यावर माजते. ती दर उन्हाळ्यात काढायची आणि दर पावसाळ्यात पुन्हा पुलाच्या कमानीत तुंबलेली बघायची, हे शेतकरी किती वर्षं सोसताहेत. सांडपाणी आधी वळवा, गाळ पावसाच्या आत काढा, मग वाट करा, हा क्रम निवेदनात जसाच्या तसा गेलाय.

यातल्या कशाचेही तुम्ही पैसे घेतले नाहीत. रिक्षाचे पैसे देऊ केले तर रागावलात. काकूंनी दर बैठकीला थर्मासमधून पाठवलेल्या चहाबद्दल त्यांचेही आभार. त्या चहामुळे पुष्कळ भांडणं वेळेवर थांबली.

निवेदन आणि नकाशा महानगरपालिकेत दिलाय, पोच मिळाली आहे. मंजुरी मिळेल तेव्हा मिळेल. एक काम मात्र अडलंय. खालच्या अंगाच्या मोरीचे पाइप बदलून तिथे मोठी कमान मागायची की पाइपांची संख्या वाढवून मागायची, यावर आमचं एकमत होत नाही. मोरीच्या वरच्या आणि खालच्या बाजूची सुतळीची मापं वहीत लिहून ठेवली आहेत. येत्या रविवारी तुम्हांला सवड असेल तर वही घेऊन घरी येतो. तुम्ही आकडे बघून सांगाल तसं दुरुस्तीचं पत्र सोमवारी देऊ.

आपले,
नाल्याकाठचे सगळे रहिवासी आणि शेतकरी यांच्या वतीने