पाहुण्यांची गाडी आणि घरातला प्लग

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

सुट्टीसाठी भाड्याने दिल्या जाणाऱ्या घरांत पाहुण्यांनी आपली इलेक्ट्रिक गाडी चार्ज करावी की नाही, यावरून घरमालक आणि पाहुणे यांच्यात हल्ली वारंवार खटके उडू लागले आहेत. भाड्यात वीज आलीच, मग फोन चार्ज केला काय आणि गाडी केली काय, असे पाहुण्यांचे म्हणणे असते. न विचारता गाडी लावणे म्हणजे सरळसरळ वीजचोरी, असे मालक म्हणतात. मी असे एक घर भाड्याने देते आणि स्वतः इलेक्ट्रिक गाडीही चालवते, त्यामुळे दोन्हीकडची अडचण मला ठाऊक आहे. हा वाद पैशांचा म्हणून मांडला जातो. पण खरा प्रश्न भिंतीतल्या वायरिंगचा आहे आणि त्याकडे कोणी फारसे लक्ष देत नाही, म्हणून हे पत्र.

मागे एक कुटुंब आमच्याकडे दोन रात्री राहून गेले. ते गेल्यावर स्वयंपाकघर आवरताना ओट्यामागच्या सॉकेटकडे माझे लक्ष गेले. पांढऱ्या प्लेटवर तपकिरी डाग पडला होता, एका भोकाची कड वितळून आत ओघळली होती आणि जळक्या प्लास्टिकचा वास अजून गेला नव्हता. खिडकीच्या फटीतून केबल बाहेर काढून दोन्ही रात्री गाडी तिथे लावलेली होती. फोनवर विचारताच त्या गृहस्थांनी ते मान्य केले आणि मनापासून माफी मागितली. "आमच्या घरी रोज असंच लावतो, कधी काही झालं नाही," असे ते म्हणाले, आणि त्यात खोटे काहीच नव्हते. आमच्या घराच्या नियमांत गाडीच्या चार्जिंगबद्दल एक अक्षरही लिहिलेले नव्हते, हा दोष माझाच.

ज्या सॉकेटवर किटली आणि इस्त्री चालते त्यावर गाडी का चालू नये, असे कोणालाही वाटेल. फरक वेळेचा आहे. किटली चार-पाच मिनिटांत बंद होते, इस्त्री तापली की अधूनमधून थांबते. गाडी मात्र 10 ते 15 अँपिअर प्रवाह आठ-दहा तास अखंड ओढत राहते. प्रवाह दुप्पट झाला की वायरीत निर्माण होणारी उष्णता चौपट होते, आणि सॉकेटमधला एखादा स्क्रू सैल असला किंवा पिन धरणारी पट्टी ढिली झालेली असली, तर त्या एकाच जागी तापमान वाढत जाते. प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप बंद होणारी बोर्डावरची कळ, म्हणजे एमसीबी, अशा वेळी पडत नाही, कारण प्रवाह तिच्या मर्यादेच्या आतच असतो. त्यात गुंडाळलेल्या एक्स्टेंशन रीळची भर पडली तर धोका आणखी वाढतो, कारण गुंडाळीतली उष्णता बाहेर पडत नाही आणि पूर्ण उलगडल्यावर ती वायर जेवढा भार पेलते त्याच्या निम्मासुद्धा गुंडाळलेल्या अवस्थेत पेलत नाही. अर्थिंग नसेल तर बहुतेक चार्जिंग केबल चालू व्हायलाच नकार देतात. तो नकार चुकवण्यासाठी काही जण जुगाडी अडॅप्टर लावतात, ते तर जिवावर बेतू शकते.

आता विजेचा हिशेब. 230 व्होल्टवर 10 अँपिअर म्हणजे 2.3 किलोवॉट, म्हणजे दहा तासांच्या एका रात्रीत 23 युनिट. एवढ्या विजेत फोन हजाराहून अधिक वेळा चार्ज होतो, तेव्हा फोनची तुलना पाहुण्यांनी सोडून द्यावी. मात्र याच आकड्याची दुसरी बाजू मालकांनीही पाहावी. काही वीज वाया जाते असे धरले तरी एवढ्यात गाडी शंभर-सव्वाशे किलोमीटर सहज जाते, आणि सुट्टीतल्या दिवसभराच्या भटकंतीला ते बहुधा पुरते. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीला महागड्या वेगवान चार्जरची गरज नाही. सुरक्षित, संथ चार्जिंग पुरेसे आहे.

म्हणूनच नियमावलीत "गाडी चार्ज करू नये" असे लिहून मोकळे होणे मला पटत नाही. बॅटरी संपत आलेला पाहुणा बंदीमुळे थांबत नाही, तो रात्री दिवे मालवल्यावर खिडकीतून केबल काढतो, आणि सर्वांत धोकादायक चार्जिंग तेच असते. त्या प्रसंगानंतर आम्ही इलेक्ट्रिशियनला बोलावून मुख्य बोर्डापासून गाडी उभी करण्याच्या जागेपर्यंत स्वतंत्र जाड वायर ओढून घेतली, तिला वेगळी एमसीबी आणि विजेची गळती होताच पुरवठा तोडणारी आरसीसीबी बसवली, अर्थिंग तपासून घेतले आणि एक छोटा सबमीटर लावला. पाहुणे आले की त्यांच्यासमोरच रीडिंगचा फोटो काढतो, निघताना पुन्हा काढतो आणि झालेल्या युनिटचे पैसे वीजबिलातल्या दराने घेतो. रात्रीमागे ठरावीक रक्कम आम्ही मुद्दामच ठेवली नाही. एकदा रक्कम भरली की गरज नसतानाही गाडी काठोकाठ भरून घ्यावीशी वाटते, आणि ज्याला थोडीच वीज हवी त्याच्यावर अन्याय होतो.

ज्यांना एवढा खर्च शक्य नाही किंवा ज्यांच्या घराचे वायरिंग जुने आहे, त्यांनी चार्जिंगची सोय नाही हे कारणासह स्पष्ट लिहावे आणि जवळचे सार्वजनिक चार्जिंग केंद्र कुठे आहे तेही सांगावे. पाहुण्यांनीही घर ठरवतानाच विचारावे, दारात गाडी उभी केल्यावर नव्हे. मालकाने साधे सॉकेट वापरायला दिलेच, तर गाडीच्या सेटिंगमध्ये प्रवाह कमी करण्याची सोय बहुधा असते, ती वापरावी आणि पहिल्या अर्ध्या तासाने प्लगला हात लावून पाहावा. तो चटका देण्याइतका तापला असेल तर चार्जिंग तिथेच थांबवावे.

घरे आरक्षित करून देणाऱ्या संकेतस्थळांकडेही एक मागणी आहे. तिथे सोयींच्या यादीत "चार्जर आहे" एवढ्यावर खूण करता येते, आणि मग स्वयंपाकघरातले सॉकेटही त्यात खपून जाते. भिंतीवर बसवलेला चार्जर आहे की नुसते सॉकेट, त्याला स्वतंत्र वायर आहे का आणि तो किती अँपिअरचा आहे, ही माहिती भरल्याशिवाय ती खूण करताच येऊ नये.

आपली,
एक वाचक