पगाराच्या तारखेआधी बोल

कोथरूड, पुणे

चि. मनू हिस,
अनेक आशीर्वाद.

तुमच्या कंपनीच्या बँक खात्यात सहा महिने पुरतील एवढेच पैसे आहेत आणि तू नि तुझा को-फाउंडर सोडून ऑफिसात हे कुणालाच ठाऊक नाही, असं तू काल म्हणालीस. पुढच्या महिन्यात काही जणांना कमी करावं लागेल, हेही म्हणालीस. फोनवर मी फारसं बोलले नाही, कारण असलं काही मला कागदावरच नीट मांडता येतं. माझी सगळी नोकरी भोसरीच्या एमआयडीसीत पगारपत्रकं करण्यात गेली. धंदा कसा वाढवायचा हे मी तुला सांगू शकणार नाही. पण पैसा आटायला लागला की कंपनीतली माणसं काय बघतात, कुणाच्या शब्दावर थांबतात आणि कधी उठून जातात, ते मी फार जवळून बघितलं आहे.

माझं म्हणणं एकच आहे. हे तू आता सांग, स्वतः सांग आणि आकड्यांसकट सांग.

कुणाला माहीत नाही असं तुला वाटतं. मनू, त्यांना माहीत आहे. व्हेंडरचं बिल पंधरा दिवस पुढे ढकललं की अकाउंट्समधल्या मुलीला कळतं. भरतीच्या जाहिराती काढून घेतल्या की एचआरला कळतं. तुम्ही दोघं केबिनचं दार लावून बसायला लागलात की चहा घेऊन येणाऱ्या मावशींनाही कळतं. कळत नाही ते एवढंच, की परिस्थिती नेमकी किती वाईट आहे. मग जो तो आपापल्या भीतीप्रमाणे आकडा धरतो, आणि तो आकडा खऱ्यापेक्षा नेहमी वाईट असतो. अशा वेळी आधी कोण जातं? ज्याला बाहेर लगेच काम मिळतं तो. म्हणजे तुला ज्यांची सगळ्यांत जास्त गरज आहे, तेच. बाणेर-बालेवाडीत तर दुसरी नोकरी समोरच्या इमारतीत असते.

मंदीच्या एका वर्षी आमच्या मालकांनी दिवाळीच्या महिनाभर आधी सगळ्यांना शॉप फ्लोअरवर बोलावलं. मोठ्या गिऱ्हाइकाने ऑर्डर निम्म्यावर आणली आहे, बोनस दोन हप्त्यांत मिळेल, अर्धा दिवाळीआधी आणि अर्धा होळीला, आणि तुमचा दुसरा हप्ता हातात पडेपर्यंत मी पगार घेणार नाही, असं त्यांनी सांगितलं. युनियनची मंडळी तापली, आवाज चढले. पण भांडण झालं ते रकमेवर. हा माणूस खरं बोलतो आहे का, असं कुणी विचारलं नाही. पगारपत्रक मी करत होते, मालकांच्या नावापुढे खरंच शून्य होतं. मी ते बाहेर कुठे बोलले नव्हते, तरी शेवटच्या हेल्परपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. त्या वर्षी एकही टर्नर, एकही फिटर सोडून गेला नाही.

वाईट बातमी खाली सांगायची तशी ती वरही यायला हवी, आणि हे जास्त अवघड आहे. बॉयलर बनवणाऱ्या थरमॅक्सची हकिकत आमच्या पट्ट्यात सगळ्यांना माहीत होती. १९९६ मध्ये कंपनीचे प्रमुख रोहिंटन आगा गेले आणि त्यांच्या पत्नी अनू आगांनी कंपनीची सूत्रं हाती घेतली. त्या मनुष्यबळ विभागातल्या, बॉयलरच्या इंजिनिअर नव्हेत. पुढच्याच वर्षी त्यांचा तरुण मुलगा अपघातात गेला. कंपनी शेअर बाजारात नुकतीच, १९९५ मध्ये आलेली. ४०० रुपयांपर्यंत गेलेला शेअर घसरत घसरत ३६ वर आला. तेव्हा एका भागधारकाचं निनावी पत्र आलं, की तुम्ही आमचा विश्वास मोडलात. त्या पत्राने आपण हादरलो, हे त्यांनीच पुढे सांगितलं आहे. त्यांनी बाहेरचे सल्लागार आणले, संचालक मंडळ नव्याने बांधलं, मूळ कामाशी संबंध नसलेले व्यवसाय सोडले. कंपनी सावरली आणि २००४ मध्ये त्यांनी अध्यक्षपद मुलीकडे, मेहेर पदमजींकडे सोपवलं. एवढी दुःखं अंगावर असताना एका अनोळखी माणसाचा राग त्यांनी फाडून टाकला नाही, त्यात तथ्य आहे का ते बघितलं. मला या बाईंबद्दल मनापासून आदर आहे तो यासाठी.

तुझ्याकडे असं पत्र यायची वाट बघू नकोस. सोमवारच्या बैठकीत आधी काय बिनसलं आहे ते विचार, चांगल्या बातम्या नंतर. आणि जो सांगेल त्याला चारचौघांत बोलू नकोस. तुझा आवाज चटकन चढतो, शाळेत असल्यापासून चढतो. घरात आम्ही ते मनावर घेत नाही. पण ज्याचा पगार तुझ्या सहीने होतो, तो पुढच्या वेळी अर्धंच सांगेल आणि त्याच्या पुढच्या वेळी काहीच सांगणार नाही. मग तुझ्या समोरच्या स्क्रीनवर सगळं हिरवं दिसत राहील आणि गिऱ्हाईक मात्र निघून गेलेलं असेल.

आता माणसं कमी करण्याबद्दल. याची दोन उदाहरणं तुझ्याच क्षेत्रातली आहेत. १ डिसेंबर २०२१ ला बेटर डॉट कॉम या अमेरिकेतल्या ऑनलाइन गृहकर्ज कंपनीच्या विशाल गर्ग यांनी झूमवर सुमारे ९०० जणांना एकदम सांगितलं, की तुम्ही या कॉलवर आहात म्हणजे तुमची नोकरी गेली. तो व्हिडिओ जगभर फिरला, त्यांना माफी मागावी लागली, काही आठवडे पदापासून दूर राहावं लागलं. त्याच्या आदल्या वर्षी, मे २०२० मध्ये, प्रवाशांना भाड्याने घरं मिळवून देणाऱ्या एअरबीएनबीच्या ब्रायन चेस्कींनी सुमारे १,९०० जणांना, म्हणजे पाव कंपनीला, कमी केलं होतं. त्यांनी कर्मचाऱ्यांना लांब पत्र लिहिलं. पैसे का संपत आहेत, कोणती कामं बंद होणार, कुणाला कमी करायचं ते कसं ठरवलं, सगळं त्यात होतं. अमेरिकेतल्या लोकांना १४ आठवड्यांचा मूळ पगार आणि नोकरीच्या दर वर्षामागे आणखी एक आठवडा. वर्ष पूर्ण न झालेल्यांनाही शेअरचा वाटा मिळावा म्हणून एक वर्षाची अट काढली. लॅपटॉप ठेवू दिले. भरती करणाऱ्या टीममधल्या काही जणांना जाणाऱ्यांसाठी नोकऱ्या शोधायच्या कामाला लावलं. नोकऱ्या दोन्हीकडे गेल्याच. पण डिसेंबर २०२० मध्ये एअरबीएनबी शेअर बाजारात आली तेव्हा त्या पत्राचं नाव लोक चांगल्या अर्थाने घेत होते.

चौदा आठवडे तुला परवडणार नाहीत, ते मला कळतं. परवडतं ते सगळं मात्र दे. ज्यांना कमी करायचं त्यांना एकेकट्याने समोर बसवून तू सांग. एचआरवर टाकू नकोस आणि ई-मेलने तर मुळीच नको. एकदाच कर. दोन-दोन माणसं दर महिन्याला काढलीस तर उरलेले काम करणं सोडून आपला नंबर कधी ते मोजत बसतील. लातूरहून आलेला तो मुलगा, ज्याच्या वडिलांनी शिक्षणासाठी कर्ज काढलं आहे, तो महिनाभर घरी सांगणार नाही. रोज सकाळी आवरून, बॅग घेऊन सदाशिव पेठेतल्या एखाद्या अभ्यासिकेत जाऊन बसेल. वाकडला फ्लॅट घेतलेल्याचा ईएमआय ठरलेल्या दिवशी कापला जाणारच आहे. म्हणून त्यांच्या हातात काय पडतं ते माझ्या लेखी तुझ्या भाषणापेक्षा मोठं आहे. रिलीव्हिंग लेटर आणि अनुभवाचं पत्र त्याच दिवशी दे, नवी कंपनी शेवटच्या तीन पगारस्लिपांबरोबर तेच आधी मागते. फुल अँड फायनल, म्हणजे शेवटचा हिशेब, लांबवू नकोस, वेतन संहितेत त्याला कामाचे दोनच दिवस दिले आहेत. यूएएनवर, म्हणजे पीएफच्या खाते क्रमांकावर, नोकरी सोडल्याची तारीख लगेच भरायला लाव, नाहीतर पीएफ काढताना किंवा वळवताना माणूस अडकतो. ऑफिसच्या आरोग्य विम्यातून त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, हे त्यांना सांग. ज्याच्या आईवडिलांचं नाव त्या विम्यात आहे, त्याच्यासाठी ही माहिती लाखमोलाची आहे. आणि ईसॉप, म्हणजे ठरलेल्या किमतीला कंपनीचे शेअर घ्यायचा हक्क, नोकरी सुटल्यावर वापरायची मुदत साधारण नव्वद दिवसांची असते, ती तुमच्या बोर्डाकडून वाढवून घे. त्याला आज पैसे लागत नाहीत.

यापुढचं मी फार कडक शब्दांत लिहिते आहे. पैसे कमी पडले तरी पगारातून कापलेला पीएफ आणि टीडीएस, म्हणजे कापलेला आयकर, यांना हात लावायचा नाही. टीडीएस पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत, पीएफ पंधराच्या आत, मग त्या दिवशी काहीही होवो. ते पैसे कंपनीचे नसतातच, दुसऱ्याचे पैसे काही दिवस तुझ्या खात्यात असतात. कापून घेतलेला पीएफ न भरणं हा कायद्याने फौजदारी विश्वासघात आहे. आमच्या शेजारच्या एका कारखान्याने तेच केलं. तिथला एक जुना वेल्डर मुलीच्या लग्नासाठी पीएफमधून पैसे काढायला गेला, तेव्हा त्याला कळलं की स्लिपवर दर महिन्याला कपात दिसत होती आणि खात्यात काही आलंच नव्हतं. तो आमच्या गेटपाशी येऊन मला विचारत होता, मॅडम, हे असं होऊ शकतं का? त्याला उत्तर देताना माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता. तुझ्या सहीखाली असं कधीही होता कामा नये.

स्वतःचा पगार तुम्ही दोघांनी आधी कमी करा आणि तो आकडा सगळ्यांना दिसू दे. घरभाड्याची अडचण आली तर आम्ही आहोत. छोट्या व्हेंडरचे पैसे मोठ्यांच्या आधी चुकते कर. गुंतवणूकदारांना मात्र टीमच्या आधी सांग, एक दिवस आधी पुरे, म्हणजे त्यांना बाहेरून कळणार नाही.

नवी फंडिंग येईल याच भरवशावर हे सहा महिने काढू नकोस. क्विक हीलच्या कैलास काटकरांनी कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केली, धाकट्या भावाने, संजयने, अँटीव्हायरस लिहिला. ती कंपनी गिऱ्हाइकांच्या पैशांवर वाढली, सिकोया या गुंतवणूक कंपनीचे ६० कोटी आले ते २०१० मध्ये. तुमचा धंदा वेगळा आहे, मान्य. तरी उरलेल्या टीमपैकी निम्मी माणसं तरी आजच पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकांच्या कामावर लाव.

मुख्याधिकारी म्हणून आपण कमी पडतो आहोत का, असंही तू विचारलंस. ते आत्ता ठरवू नकोस. आनंद देशपांड्यांनी १९९० मध्ये पर्सिस्टंट ही सॉफ्टवेअर कंपनी काढली आणि पुढे मुख्याधिकाऱ्याचं काम दुसऱ्यांकडे दिलं, २०२० पासून ते संदीप कालरा बघतात. कंपनी काढणं आणि रोज चालवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि त्यातलं एक दुसऱ्याला देण्यात कमीपणा नाही. पण ते कंपनी उभी असताना करायचं असतं. माणसांना घरी पाठवायच्या आठवड्यात खुर्ची सोडायची नसते.

तोवर एक कर. पगाराची यादी मला पाठव, नावं काढून टाक, फक्त हुद्दा, रुजू झाल्याची तारीख, मूळ पगार आणि शिल्लक रजा. नोटिशीचे दिवस, रजेचे पैसे, कपाती, सगळं धरून कुणाला किती द्यावं लागेल त्याचा तक्ता मी करून देते. पूर्ण आकडा समोर असल्याशिवाय टीमसमोर उभी राहू नकोस. रविवारी दुपारी ये, बसून तपासू. मंगळवारी तू सगळ्यांना सांग, पगाराच्या तारखेआधी.

तुझी,
आई