चेंडू गमावण्याची मुभा

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

फुटबॉलचा विषय निघाला की हल्ली एक तक्रार हमखास ऐकू येते आणि क्रीडा पानांवरील लेखनातही तिचा सूर अधूनमधून उमटतो. प्रशिक्षकांच्या डावपेचांनी हा खेळ यांत्रिक करून टाकला, खेळाडू पटावरची प्यादी झाले आणि सामना पाहण्यातली मजा गेली, अशी ही तक्रार आहे. ती मला सर्वस्वी अमान्य आहे असे नाही. गोलरक्षकाकडून एका बचावपटूकडे, त्याच्याकडून दुसऱ्याकडे आणि तिथून पुन्हा गोलरक्षकाकडे असा चेंडू दहा-दहा मिनिटे फिरताना पाहून मीही टीव्ही बंद केलेला आहे. मात्र आरोपीच्या पिंजऱ्यात आपण भलत्यालाच उभे केले आहे असे मला वाटते, म्हणून हा पत्रप्रपंच.

आधी गोलांचा हिशेब करू, कारण मजा गेली म्हणजे गोल आटले असे बहुतेकांनी गृहीत धरलेले असते. १९५४ च्या विश्वचषकात २६ सामन्यांत १४० गोल झाले, हे खरे. परंतु १९६२ ते २०२२ या काळातील सोळा विश्वचषकांपैकी एकाही स्पर्धेत गोलांची सरासरी सामन्यामागे तीनपर्यंत पोहोचलेली नाही. ज्या १९७० च्या स्पर्धेची आठवण काढून आजच्या खेळाला नाके मुरडली जातात, तिथेही ३२ सामन्यांत ९५ गोल होते, आणि २०२२ मध्ये कतारला ६४ सामन्यांत १७२. इंग्लंडच्या प्रीमियर लीगच्या २०२३-२४ च्या हंगामात, म्हणजे डावपेचांचा अतिरेक झाला असे म्हटले जाते त्याच काळात, ३८० सामन्यांत १,२४६ गोल झाले आणि वीस संघांची स्पर्धा सुरू झाल्यापासूनचा तो उच्चांक ठरला. याउलट ३० नोव्हेंबर १८७२ रोजी ग्लासगोत स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यात पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला, तेव्हा इंग्लंडने सात-आठ आणि स्कॉटलंडने सहा आघाडीवीर उतरवले होते. व्यूहरचना म्हणावी असे त्यात फारसे काही नव्हते. तो सामना ०-० असा सुटला.

अर्थात गोल मोजून मजा मोजता येत नाही, हे मलाही कळते. म्हणून आता ज्या गोलाला जुन्या, मोकळ्या, कलात्मक फुटबॉलचा शिरोमणी मानले जाते, त्याच्याकडे जरा जवळून पाहू. २१ जून १९७० रोजी मेक्सिको सिटीच्या अझ्टेका स्टेडियमवर ब्राझील आणि इटली यांचा अंतिम सामना चालू होता. ८६ वे मिनिट होते आणि ब्राझील ३-१ असे पुढे होते. आपल्याच अर्ध्या भागात, बचावफळीच्या थोडेसे पुढे, ब्राझीलच्या मधल्या फळीतील क्लोडोआल्डोकडे चेंडू आला आणि त्याने ओळीने चार इटालियन खेळाडूंना चकवले. मग त्याने चेंडू डावीकडे रिव्हेलिनोला दिला, रिव्हेलिनोने कडेकडेने जैरझिन्होला, आणि जैरझिन्होने आत वळून पेलेला. पेले क्षणभर थांबला आणि त्याने उजवीकडच्या रिकाम्या जागेत चेंडू हलकेच सरकवला. तिथे मागून धावत आलेल्या कर्णधार कार्लोस अल्बर्टोने न थांबता जो फटका मारला, तो गोलजाळ्याच्या दूरच्या कोपऱ्यात गेला.

आता प्रश्न असा की उजवीकडची ती जागा रिकामी का होती. जैरझिन्हो हा खरे तर उजव्या बगलेचा खेळाडू. इटलीचा बचाव माणसामागे माणूस या पद्धतीचा, आणि जैरझिन्होमागे होता डावा बचावपटू फाकेत्ती. जैरझिन्हो मुद्दाम आपली बगल सोडून आत आणि पार डावीकडे सरकत असे, फाकेत्ती कर्तव्यबुद्धीने त्याच्या मागे जात असे, आणि मग इटलीच्या डाव्या कडेला राखणदारच उरत नसे. ज्या गोलाकडे आपण प्रतिभेचा उत्स्फूर्त आविष्कार म्हणून पाहतो, त्यातली निम्मी प्रतिभा प्रतिस्पर्ध्याची पद्धत ओळखून तिला तिच्याच नियमाने फसवण्याची होती. १९५३ मध्ये हंगेरीने वेम्बलीवर इंग्लंडचा ६-३ असा पराभव केला त्याचे मूळही अशाच एका युक्तीत होते. त्यांचा मुख्य आघाडीवीर हिदेग्कुती आघाडीवर थांबतच नव्हता. तो मागे यायचा, आणि त्याच्यामागे जावे की जागा राखावी हे इंग्लंडच्या मधल्या बचावपटूला शेवटपर्यंत उमगले नाही. हिदेग्कुतीने तीन गोल केले. डावपेच वजा केले तर या दोन्ही सामन्यांतली मजाही वजा होते.

तरीसुद्धा त्या १९७० च्या गोलात असे काही आहे, जे आज खरोखरच दुर्मीळ झाले आहे, आणि माझे म्हणणे त्याच्याशीच आहे. त्याच सामन्याच्या पूर्वार्धात, ३७ व्या मिनिटाला, याच क्लोडोआल्डोने आपल्याच अर्ध्यात टाचेने चेंडू मागे देण्याचा नसता खेळ केला होता. चेंडू इटलीच्या हाती लागला, बोनिनसेन्याने गोल केला आणि १-१ अशी बरोबरी झाली. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात आपल्या चुकीने गोल झालेला वीस वर्षांचा मुलगा त्याच सामन्यात, आपल्याच अर्ध्यात पुन्हा चेंडू पायाशी ठेवतो आणि चौघांना अंगावर घेतो. ब्राझील तेव्हा दोन गोलांनी पुढे होते आणि धोका तसा बेताचाच होता, हे मान्य करूनही मला विचारावेसे वाटते की आजच्या एखाद्या मोठ्या क्लबच्या मधल्या फळीतील किती खेळाडूंना ती मुभा असते.

फारशी नसते, आणि त्याचे कारण समजण्यासारखे आहे. आज चेंडू गमावताच समोरचा संघ पाच-सहा सेकंदांत आपल्या गोलापर्यंत पोहोचतो, कारण चेंडू हिसकावून तडक धाव घेण्याचा सराव प्रत्येक संघ रोज करतो. त्यामुळे मध्यभागात चेंडू गमावणे हे प्रशिक्षकाच्या लेखी सर्वांत मोठे पाप ठरते, आणि जो खेळाडू दहा वेळा चकवा देऊन सात वेळा चेंडू गमावतो त्याच्यापेक्षा दहाही वेळा शेजाऱ्याला चेंडू देणारा खेळाडू त्याला जवळचा वाटतो. जॅक ग्रीलिश इंग्लंडमधील ॲस्टन व्हिला क्लबसाठी खेळत असताना डाव्या बगलेवर तीन-तीन बचावपटूंना अंगावर ओढून घ्यायचा. चेंडू बऱ्याचदा जायचा, पण न गेल्यास पुढे काय होईल या उत्सुकतेने प्रेक्षक पुढे सरसावून बसायचे. २०२१ मध्ये १० कोटी पौंड मोजून मँचेस्टर सिटीने त्याला घेतले आणि त्याच बगलेवर तो चेंडू थांबवून, वळून, मागे देऊ लागला. २०२२-२३ मध्ये सिटीने लीग, एफए कप आणि चॅम्पियन्स लीग अशा तिन्ही स्पर्धा जिंकल्या, त्यात त्याचा वाटा मोठा होता. प्रशिक्षक चुकला असे म्हणायला म्हणूनच जागा नाही. तोटा झाला तो फक्त प्रेक्षकाचा.

या तोट्याला मी व्यूहरचनेचा दोष म्हणत नाही, कारण व्यूहरचना चेंडू गमावण्याची सोयही करू शकते. यामागे भीती अधिक आहे, आणि तिच्या जोडीला अनुकरण. एका संघाला एक पद्धत यश देते, मग तीच पद्धत तिला लागणारे खेळाडू नसलेले वीस संघ उचलतात, आणि मूळ पद्धतीतला धाडसाचा भाग तेवढा गाळून सुरक्षित भाग ठेवतात. उसना सदरा अंगावर बसत नाही तो असा.

इथे थोडे विषयांतर वाटले तरी एक गोष्ट सांगतो, कारण कंटाळवाणे दिसणारे सगळेच कंटाळवाणे नसते. रॉबेर्तो दे झेर्बी इंग्लंडमधील ब्रायटन क्लबचे प्रशिक्षक असताना त्यांचा बचावपटू चेंडूवर बुटाचा तळवा ठेवून चक्क उभा राहायचा. तो कुणालाच पास देत नसे. प्रेक्षक चुळबुळ करत, आणि नवख्याला वाटे की याला पुढे काय करायचे ते सुचत नाही. प्रत्यक्षात तो समोरच्या आघाडीवीराची वाट पाहत असायचा. आघाडीवीराचा धीर सुटून तो धावून आला रे आला की त्याने सोडलेल्या जागेतून दोन पासांत चेंडू मधल्या फळीपलीकडे गेलेला असायचा. गळ टाकून बसलेल्या माणसाइतकाच तो निवांत दिसे. अडचण अशी की टीव्हीचा कॅमेरा चेंडूच्या मागे फिरतो, त्यामुळे गळ दिसतो पण मासा दिसत नाही. स्टेडियममध्ये उंचावर बसलेल्याला जो सामना रंगतदार वाटतो तोच घरी बसलेल्याला रटाळ वाटतो, याचे एक कारण मला यात दिसते.

मग भीतीवर इलाज कोणता? गेल्या शंभर वर्षांचा अनुभव पाहिला तर तो प्रशिक्षकांच्या सद्‌बुद्धीतून आलेला नाही, नियमांतून आला आहे. ऑफसाइडच्या सापळ्याने, म्हणजे बचावपटूंनी पुढे सरकून आघाडीवीराला नियमबाह्य जागी पकडण्याच्या युक्तीने, खेळ गुदमरू लागला तेव्हा १९२५ मध्ये आघाडीवीर आणि गोलरेषा यांच्यामध्ये तीनऐवजी दोन प्रतिस्पर्धी असले तरी पुरे, असा बदल झाला आणि इंग्लंडच्या पहिल्या श्रेणीतील गोल एका हंगामात १,१९२ वरून १,७०३ वर गेले. १९९० च्या विश्वचषकात ५२ सामन्यांत अवघे ११५ गोल झाले. अंतिम सामना तर अर्जेंटिनाचे दोन खेळाडू बाहेर काढले जाऊन आणि पेनल्टीवरच्या एकमेव गोलावर संपला. सहकाऱ्याने मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाने हातात घेऊन वेळ काढायचा, हा त्या काळचा नित्याचा प्रकार होता आणि १९९२ मध्ये त्यावर बंदी आली. आज गोलरक्षक पायाने इतके सफाईदार खेळतात त्याचा उगम त्या बंदीत आहे. २०१९ पासून गोल-किकचा चेंडू सहकाऱ्याला पेनल्टी क्षेत्राच्या आतच स्वीकारता येऊ लागला, आणि ब्रायटनचा तो गळ त्या नियमाच्याही आधाराने टाकला जात होता. २०२५ पासून गोलरक्षकाने आठ सेकंदांहून अधिक काळ चेंडू हातात ठेवल्यास कॉर्नर दिला जातो. आता याच धर्तीवर कॉर्नरच्या वेळी गोलरक्षकाभोवती सहा-सात जणांनी केली जाणारी रेटारेटी आणि लांब थ्रो-इनसाठी टॉवेलने चेंडू पुसण्यात जाणारा वेळ, या दोहोंकडे नियमकर्त्यांनी पाहावे. तिथे मात्र डावपेच खरोखरच खेळ थांबवण्याच्या कामी येत आहेत.

संपादक महोदय, आपल्यालाही एक विनंती आहे. सामन्याच्या वृत्तात चेंडूचा ताबा किती टक्के होता हा आकडा ठळकपणे छापला जातो आणि वाचकही तोच गुणवत्तेचा दाखला समजतो. स्पेनने २०१० चा विश्वचषक चेंडू स्वतःकडे राखूनच जिंकला आणि सात सामन्यांत फक्त आठ गोल केले. त्याच स्पेनने २०२४ ची युरो स्पर्धा सातही सामने जिंकून मिळवली आणि पंधरा गोल केले. पहिल्या संघाने चेंडू मुख्यतः मध्यभागी राखला. दुसऱ्याने तो लवकर बगलांकडे पोहोचवला आणि तिथल्या दोन तरुण पोरांना समोरच्या बचावपटूला थेट भिडण्याची मोकळीक दिली. फ्रान्सविरुद्धच्या उपांत्य सामन्यात सोळा वर्षांच्या लामिन यामालने पेनल्टी क्षेत्राबाहेरून डाव्या पायाने जो वळणदार गोल केला, तो या मोकळिकीचाच होता. दोन्ही संघ पद्धतशीरच खेळत होते, पण ताब्याची टक्केवारी हा फरक सांगत नाही. तेव्हा कुणाला कुठे धोका पत्करण्याची मुभा होती, तो पत्करून फसल्यावर प्रशिक्षकाने काय केले, हे वृत्तात दोन ओळींत आले तर माझ्यासारख्या वाचकाची सोय होईल.

क्लोडोआल्डोच्या बाबतीत ते सांगणे सोपे आहे. विश्वचषकात बदली खेळाडू उतरवण्याची परवानगी प्रथम त्याच १९७० च्या स्पर्धेत मिळाली होती. पूर्वार्धातील त्या चुकीनंतरही प्रशिक्षक झगालो यांनी त्याला मैदानावर ठेवले, आणि त्या अंतिम सामन्यात ब्राझीलने एकही बदल केला नाही.

आपला नम्र,
एक फुटबॉलप्रेमी वाचक