कुंभाचे आकडे आणि इब्न खल्दून

मा. संपादक, स.न.वि.वि.

सिंहस्थ जवळ आलाय त्यामुळे किती भाविक येणार याचा रोज नवा आकडा कानावर येतो, पेपरात छापून येतो, मग व्हॉट्सअपवर फिरतो, पण तो काढला कोणी आणि कसा हे कुणी विचारत नाही. अशा वेळी मला इब्न खल्दून आठवतो. आपल्याकडे हे नाव फारसं कुणी घेत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

१३३२ मध्ये ट्युनिसला जन्मलेला हा अरब इतिहासकार. ऐन तारुण्यात प्लेगच्या साथीत आईवडील गेले, नंतर फेझ, ग्रॅनडा अशा दरबारांत नोकऱ्या केल्या, तुरुंगातही बसला. शेवटी राजकारणाला कंटाळून आजच्या अल्जीरियातल्या एका गढीत जाऊन राहिला आणि तिथं १३७७ मध्ये 'मुकद्दिमा' लिहिला, म्हणजे जगाच्या इतिहासाची प्रस्तावना. राज्यं का उभी राहतात, का बुडतात, सुरुवातीला कर कमी असून तिजोरी कशी भरते आणि शेवटी कर वाढवूनही ती रिकामी का राहते, हे सगळं त्यात आहे. पण मला सगळ्यात आवडतो तो सुरुवातीचा भाग.

मसूदीसारख्या नावाजलेल्या इतिहासकाराने लिहून ठेवलं होतं की इस्रायली लोकांना इजिप्तमधून बाहेर काढणाऱ्या मूसाच्या (म्हणजे मोझेसच्या) सैन्यात सहा लाखांवर लढवय्ये होते. इब्न खल्दून म्हणतो, थांबा जरा, एवढं सैन्य त्या मुलखात मावेल का? रांगेत उभं केलं तर नजर पोचणार नाही इतकं लांब पसरेल, एका टोकाला काय चाललंय ते दुसऱ्या टोकाला कळणार नाही, मग लढणार कसे? आणि या लोकांचा पूर्वज याकूब, त्याच्याबरोबर इजिप्तला गेलेली माणसं सत्तर, चार पिढ्यांत त्यांची एवढी वाढ होईल कशी? पुढच्या खंडांत त्याने स्वतः ही कसोटी नेहमी पाळली नाही अशी टीका होते, ती खरी आहे, पण म्हणून कसोटी खोटी ठरत नाही.

तीच रामकुंडाला लावून बघा ना. घाटाची लांबी मोजता येते, एका माणसाला उतरून डुबकी मारून वर यायला किती वेळ लागतो तेही बघता येतं, नाशिकरोडला किती गाड्या थांबणार, एसटीच्या किती फेऱ्या, पंचवटीतल्या गल्ल्यांतून तासाला किती लोक पुढे सरकतील, एवढं मांडलं की आकडा खरा की फुगवलेला ते लगेच कळतं. हा नुसता हिशोबाचा हट्ट नाहीये. २००३ ला सरदार चौकात चेंगराचेंगरीत माणसं गेली ती आम्ही पंचवटीकर विसरलेलो नाही, आणि बंदोबस्त, बॅरिकेड, दवाखाने सगळं या आकड्यांवरच ठरतं.

इब्न खल्दून पुढे कैरोत काझी झाला, १४०१ मध्ये दमास्कसला वेढा पडला होता तेव्हा दोराने तटाखाली उतरून थेट तैमूरला जाऊन भेटला, १४०६ मध्ये वारला. एवढ्या धामधुमीतही तो पुस्तक दुरुस्त करतच राहिला.

तेव्हा विनंती अशी की गर्दीचा आकडा छापताना तो कोणी दिला आणि कसा मोजला हे शेजारी एका ओळीत द्या, मोजलाच नसेल तर 'अंदाज' असं स्पष्ट लिहा. आणि रविवार पुरवणीत इब्न खल्दूनवर एक लेख जरूर येऊ द्या.

आपला,
एक वाचक, पंचवटी, नाशिक