आईच्या ऑपरेशनला भूल देणाऱ्या मॅडमना

मॅडम नमस्कार,
नाव टाकू नको म्हणालात म्हणून टाकत नाही, पण नाशिकमध्ये आईच्या मेंदूतली गाठ काढली तेव्हा भूल देणाऱ्या त्या मॅडम तुम्हीच, वाचलंत की कळेलच. सर्जन सरांना पेढे दिले, पाया पडलो, सगळं झालं, आणि तुम्ही मात्र पुढच्या केसला निघून गेलात.

आमची आई बीपीची जुनी पेशंट. पंचवटीत सगळ्यांना माहितीये की हिचं बीपी शेजारणीशी वाद झाला तरी चढतं, तर डोकं उघडल्यावर काय होईल ह्याच टेन्शनमध्ये आम्ही होतो. तुम्ही आदल्या संध्याकाळी येऊन तिच्या गोळ्यांची पाकिटं बघितली, म्हणालात की बीपीच्या गोळ्यांपैकी सकाळी अम्लोडिपिन घोटभर पाण्यासोबत घ्यायची आणि टेल्मिसार्टन नाही घ्यायची, कारण भुलेत त्या गोळीमुळे बीपी फार खाली येऊ शकतं. मी म्हटलं मॅडम खाली आलेलं चांगलंच ना? तेव्हा तुम्ही म्हणालात, टाकीचं प्रेशर कमी केलं की वरच्या मजल्याला पाणी चढत नाही, हिच्या मेंदूला वर्षानुवर्षं जास्त प्रेशरची सवय आहे, एकदम उतरवलं तर रक्तच कमी पोचेल. हे आम्हाला इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

आणि त्या बांगड्या! मनगटाच्या नसेत, म्हणजे धमनीत, सुई घालून प्रत्येक ठोक्याचं बीपी स्क्रीनवर बघायचं म्हणून हात मोकळा हवा, आणि आई हिरव्या बांगड्या काढायला तयारच नाही. तुम्ही स्वतः साबण लावून एकेक सोडवली, रुमालात बांधून पप्पांच्या हातात दिली, एकही फुटली नाही. बाकी कोणी असतं तर कटर मागवलं असतं.

नंतर तुम्ही सांगितलं की डोकं हलू नये म्हणून क्लॅम्पच्या पिना लावतात तेव्हा गाढ भुलेत पण बीपी उसळतं, म्हणून आधीच डोक्याच्या कातडीत बधिर करायची इंजेक्शनं दिलेली. मेंदूला किती प्रेशर मिळतंय ते कळावं म्हणून बीपी मोजायचं यंत्र कानाच्या लेव्हलला लावतात हे तर भारीच. पण खरी कसोटी शेवटी, भूल उतरताना घशातल्या श्वासाच्या नळीमुळे खोकला येतो, बीपी वर जातं, आणि आत नुकतंच थांबवलेलं रक्त परत सुटलं तर पुन्हा डोकं उघडायची वेळ, म्हणून तुम्ही बीपी उतरवायचं औषध लॅबेटॅलॉल थोडं थोडं देत तिच्या उशाशी उभ्या राहिलात, आम्ही बाहेर नुसता चहा पीत होतो 🙏

आता आई ठणठणीत आहे, बीपीची वही स्वतः लिहिते, स्वयंपाकात मीठ इतकं कमी केलंय की पप्पा लपून लोणचं खातात. तुम्हाला घरी जेवायला बोलव म्हणून रोज मागे लागलीये. ड्युटी कधी नसते तेवढं कळवा, मीठ तुमच्यापुरतं वेगळं ठेवू.

तुमच्या पेशंटची मुलगी