फ्रान्सच्या जंगलवाटा: आधी महिना पाहा, मग टायर

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या सुट्टीतल्या परदेशी सहलींच्या जाहिरातींत अलीकडे फ्रान्सच्या जंगलांतून, जुन्या राजवाड्यांच्या कडेने ग्रॅव्हल बाईक (खडी-मातीच्या वाटांसाठीची, रुंद टायरची सायकल) चालवण्याच्या सहलीही दिसू लागल्या आहेत. येऊरचा चढ आणि पाम बीच रोड अंगवळणी पडलेले ठाणे-नवी मुंबईतले सायकलस्वार तिकडे वळले नाहीत तरच नवल. बेत उत्तमच आहे. आमचा आक्षेप महिन्याला आहे, आणि रस्ता कसा आहे हे न सांगता पैसे घेण्याला आहे.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपात घड्याळे तासभर मागे जातात. नोव्हेंबर लागला की पॅरिसच्या आसपास साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. ओक आणि बीच या झाडांचा पाचोळा वाटेवर जाड साठतो. त्याखालची मुळे, दगड, लाकडाच्या ट्रकने पाडलेली चाकोरी काहीच दिसत नाही, आणि ओल्या पाचोळ्यावर पुढचा ब्रेक जोरात दाबला की चाक सटकलेच. त्यात सप्टेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत शिकारीचा हंगाम असतो. हाका घालून रानडुकरे आणि हरणे बंदूकधाऱ्यांच्या रांगेकडे पिटाळतात. वाटेवर 'शास आँ कूर', म्हणजे शिकार चालू, अशी पाटी दिसली तर मुकाट्याने मागे फिरावे. पटकन निघून जाऊ, हा विचार जिवावर बेतू शकतो. याउलट मे महिन्यात आपल्याकडे शाळांना सुट्टी असते, तिकडे महिन्याच्या मध्यात रात्री नऊपर्यंत उजेड असतो आणि वाटा बऱ्याच कोरड्या असतात. मात्र 1 आणि 8 मे या तिथल्या सार्वजनिक सुट्ट्या. त्या दिवशीचे खाणे आदल्या दिवशीच घेऊन ठेवावे.

आता रस्त्याचे. तिथली जंगलवाट मुळात कशासाठी काढली हे कळले, की टायर निम्मा ठरतो. पॅरिसच्या गार द्यु नोर स्थानकातून थेट रेल्वेने जाता येणारे कॉम्पिएन्य हे राजांच्या शिकारीचे जंगल, सुमारे 14 हजार हेक्टरांचे. घोडा भरधाव सोडता यावा आणि चौकात उभे राहून चहूकडे नजर टाकता यावी, म्हणून वाटा दोरी लावल्यासारख्या सरळ आखल्या आहेत. पुई द्यु र्वा नावाच्या चौकात अशा आठ वाटा मिळतात. चढ किरकोळ, पाया पक्का. 40 मिमीचा टायर पुरतो. चौकांतल्या पांढऱ्या खांबांवरची लाल खूण राजवाड्याच्या दिशेला असते, त्यामुळे फोन बंद पडला तरी गावात परत येता येते. 11 नोव्हेंबर 1918 चा युद्धविराम झाला ती जागा याच जंगलात आहे आणि दुसऱ्या टोकाला पिएरफोंचा किल्ला. दोन्ही एका दिवसाच्या फेरीत आरामात बसतात. घोडेस्वारांसाठी राखलेल्या वाटा मात्र टाळाव्यात. टापांनी त्या इतक्या भुसभुशीत होतात की सायकल ढकलावी लागते.

फोंतेनब्लोही राजांच्याच शिकारीचे, पण तिथले गणित अगदी उलटे. जमीन पांढऱ्या, बारीक वाळूची आहे. पॅरिसच्या फरसबंदीसाठी इथला वालुकाश्म 1907 पर्यंत फोडला जात होता आणि खाणींकडे जाणाऱ्या वाटा आजही वाळूत बुडलेल्या आहेत. ऐन उन्हाळ्यात पंधरा दिवस पाऊस नसला की पुढचे चाक रुतते आणि हँडल फिरते. इथे पावसाच्या दुसऱ्या दिवशी जावे, कारण ओली वाळू घट्ट बसते. वाळू आली की अंग मागे घ्यावे, हलका गिअर लावून पाय फिरते ठेवावेत आणि हँडल हलके धरावे. घट्ट आवळले की पडणे ठरलेले. येऊरच्या डांबरी चढावर पाय तयार होतात, हाताला हे वळण लागत नाही. आणखी एक नियम पाळावा: अडीच मीटरपेक्षा अरुंद वाटांवर तिथे सायकलला मनाई आहे. निळ्या खुणांच्या जुन्या पायवाटा देनकूर यांनी 1842 पासून आखल्या, त्या चालणाऱ्यांसाठीच आहेत. पॅरिसच्या गार द लियों स्थानकातून 'आर' मार्गाची लोकल साधारण 40 मिनिटांत पोहोचवते, पण कामाच्या दिवशी सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी तिच्यात सायकल नेता येत नाही.

मध्य फ्रान्समधल्या त्राँसेत राजा चौदावा लुई याचा मंत्री कोलबेर याने आरमाराला लाकूड मिळावे म्हणून ओकचे जंगल राखायला लावले. आज तोच ओक वाईनच्या पिंपांना जातो. तिथे लाकूडतोड चालूच असते, म्हणून वाटा रुंद आणि खडीच्या, आणि पावसानंतर चाकोऱ्या खोल.

मोर्वां मात्र अनुभवी लोकांनीच घ्यावा. ग्रॅनाइटचा डोंगराळ मुलूख, लहान पण छातीवर येणारे चढ. इथली लाकडे नद्यांतून तरंगत पॅरिसला सरपण म्हणून जात. त्यासाठी पाणी साठवायला बांधलेला सेतोंचा तलाव 1858 सालचा, आणि त्याच्या काठाने आज उत्तम वाट आहे. दक्षिणेला बव्रे डोंगरावर बिब्राक्त ही गॉल लोकांपैकी एदुई जमातीची राजधानी, इ.स.पूर्व 52 मध्ये रोमनांविरुद्ध लढणाऱ्या गॉलांचा सरदार व्हर्सिंजेटोरिक्स याच्या नेतृत्वावर तिथेच शिक्कामोर्तब झाले. ग्रॅनाइटच्या मुरमातून पाणी लवकर निचरते, पण डग्लस फर या झाडांची तोड झालेल्या पट्ट्यात वाट उखडलेली असते. इथे 45 मिमीचाच टायर हवा, आणि पुढे 40 दात असतील तर मागचे सर्वांत मोठे चक्र 42 दातांचे तरी असावे.

फ्रान्समधले सुमारे तीनचतुर्थांश जंगल खासगी मालकीचे आहे, हे जाहिरातवाले सांगत नाहीत. नकाशावर वाट दिसली म्हणजे ती आपली झाली असे नव्हे. तिथल्या आयजीएन या सरकारी नकाशा-संस्थेच्या 1:25,000 नकाशावर 'फोरे दोमानियाल' लिहिलेले असेल तर ते सरकारी जंगल, आणि मार्ग शक्यतो त्यातूनच आखावा. वाटेवरचा आडवा दांडा बहुधा गाड्यांसाठी असतो. 1991 च्या कायद्याने मोटारगाड्यांना रानात आडवाटेने जायला बंदी आहे. वेगळी पाटी नसेल तर सायकल बाजूने नेता येते. 'प्रोप्रिएते प्रिवे' लिहिलेले दिसले तर मात्र परतावे.

सायकलची तयारी ठाण्यातच व्हायला हवी. सत्तर किलोच्या माणसाला 40 मिमीच्या ट्यूबलेस टायरमध्ये पुढे 30 आणि मागे 33 पीएसआयच्या आसपास हवा पुरते. डांबरी रस्त्याच्या सवयीने 60 भरली तर सायकल खडीवर उडते आणि पकड जाते. आपल्याकडच्या उकाड्यात टायरमधले सीलंट (भोक बुजवणारा द्रव) लवकर सुकते, म्हणून निघण्याआधी व्हॉल्व्हमधून प्रत्येक चाकात साठेक मिली ताजे घालावे. खोक्यात भरताना मागचा डिरेलर (गिअर बदलताना साखळी सरकवणारा भाग) काढून, कापडात गुंडाळून फ्रेमच्या आत बांधावा. नाहीतर विमानतळावर खोके आपटले की हँगर (डिरेलर फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा) वाकतो, आणि मग हलक्या गिअरवर डिरेलर थेट आऱ्यांत अडकतो. हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, खेड्यातल्या दुकानात मिळणे कठीण. एक सुटा हँगर सोबत हवाच. डिस्क ब्रेकच्या पॅडमध्ये प्लॅस्टिकची पट्टी घालावी. चाक नसताना कोणी लिव्हर दाबला की पिस्टन बाहेर येतात आणि नंतर डिस्क आत शिरत नाही. ओली वाळू ऑर्गॅनिक पॅड भराभर खाते, म्हणून धातूमिश्रित पॅडचा एक जास्तीचा जोड घ्यावा.

खेड्यांत दुकाने दुपारी दोन-तीन तास बंद, बेकरी बऱ्याच ठिकाणी सोमवारी बंद. पाण्यासाठी गावचे कब्रस्तान शोधावे. तिथे जवळजवळ नेहमी नळ असतो. 'ओ नों पोताब्ल' लिहिले असेल तर ते पाणी पिऊ नये. रोज रात्री गुडघ्यामागे, जांघेत, काखेत गोचीड पाहावी. तेल किंवा काडीपेटी न लावता चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. पुढच्या काही आठवड्यांत त्या जागी लाल वर्तुळ पसरले, तर लाइम रोगाची शक्यता सांगून डॉक्टरांना दाखवावे. परत आल्यावर इथल्या डॉक्टरांना आपण कुठे फिरून आलो हे आवर्जून सांगावे, कारण हा आजार आपल्याकडे सहसा दिसत नाही.

सहल आयोजकांना आमची विनंती आहे: रोजच्या मार्गात डांबर किती किलोमीटर, खडी किती, माती किती आणि एकूण चढ किती मीटर, हे जाहिरातीत छापा. वाचकांनीही हे आकडे लेखी मिळाल्याशिवाय आगाऊ रक्कम भरू नये.

– काही सायकलस्वार वाचक, वर्तकनगर, ठाणे